वारशाने आलेले मोबाइल अ‍ॅप अनेक प्लॅटफॉर्मसाठी नव्याने उभारताना

एखादे अ‍ॅप वारशाने हाती येते, तेव्हा ते लिहिणारी माणसे बहुधा दुसरीकडे गेलेली असतात, लेखी नोंदी अर्धवट असतात आणि तरीही कितीतरी लोक ते रोज वापरत असतात. त्यात काही अडले, तर उत्तर देण्याची जबाबदारी मात्र आता आपली असते. हा वारसा पुष्कळदा दुहेरी असतो : अँड्रॉइडसाठी जावा भाषेत लिहिलेले एक अ‍ॅप आणि आयफोनसाठी ऑब्जेक्टिव्ह-सी भाषेत लिहिलेले दुसरे. दोन्हींचे नाव एक, चिन्ह एक, सर्व्हरही एक, पण आतल्या कोडची एक ओळसुद्धा सामायिक नसते. प्रत्येक सुधारणा दोनदा लिहावी लागते, दोनदा तपासावी लागते आणि दोन्हीकडे ती थोडी वेगळीच उतरते. अशा वेळी एकाच कोडमधून दोन्ही प्रकारच्या फोनवर, आणि जमल्यास ब्राउझरमध्येही, चालेल असे अ‍ॅप नव्याने उभारावे असा निर्णय होतो.

हा निर्णय बहुतेक वेळा योग्यच असतो. चर्चा मात्र लगेच कोणते फ्रेमवर्क, म्हणजे उभारणीचा तयार सांगाडा, घ्यायचे याकडे वळते, आणि तिथेच कामाचा क्रम चुकतो असे माझे मत आहे. जुन्या अ‍ॅपचा कोड पूर्णपणे टाकून देता येतो. त्याची स्टोअरमधली ओळख, त्याची वर्षानुवर्षे घडत गेलेली वागणूक आणि लोकांच्या फोनमध्ये त्याने साठवलेला डेटा या तीन गोष्टी टाकता येत नाहीत. नवे अ‍ॅप उभारणे म्हणजे मुख्यतः या तीन गोष्टी सुखरूप पलीकडे नेणे होय, आणि फ्रेमवर्कची निवड हा त्या प्रवासातल्या वाहनाचा प्रश्न आहे.

न हात लावलेले अ‍ॅपही जुने होते

अ‍ॅपलचे अ‍ॅप स्टोअर जुलै २००८ मध्ये उघडले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पहिला अँड्रॉइड फोन बाजारात आला. दोन्हींची भाषा वेगळी, पडद्यावर बटण किंवा यादी काढण्याची साधने वेगळी आणि अ‍ॅपने पार्श्वभूमीत किती काम करावे याचे नियमही वेगळे होते. त्या काळी दोन स्वतंत्र अ‍ॅप लिहिणे हाच सरळ मार्ग होता. आज वारशाने आलेल्या जोड्या त्यातूनच तयार झालेल्या आहेत.

‘अ‍ॅप नीट चालते आहे, मग त्याला हात कशाला लावायचा’ हा प्रश्न मालकाच्या बाजूने नेहमी येतो आणि तो रास्तही आहे. पण अ‍ॅपच्या खालची जमीन सतत सरकत असते. २०१७ मध्ये आलेल्या आयफोनच्या आयओएस ११ प्रणालीने ३२-बिट, म्हणजे जुन्या पिढीच्या प्रोसेसरसाठी बनवलेली, अ‍ॅप चालवणेच थांबवले. ऑगस्ट २०१९ पासून गुगल प्लेने नव्या आणि अपडेट होणाऱ्या अ‍ॅपसाठी ६४-बिट आवृत्ती आवश्यक केली. अँड्रॉइड ६ पासून परवानग्या अ‍ॅप बसवताना एकदम न मिळता वापराच्या वेळी मागाव्या लागू लागल्या, तर अँड्रॉइड ९ पासून सर्व्हरशी होणारे कूटबद्ध न केलेले, म्हणजे वाटेत कोणालाही वाचता येईल असे संभाषण मुळातच बंद केलेले असते. शिवाय अ‍ॅपने ठरावीक नव्या अँड्रॉइड आवृत्तीचे नियम पाळलेच पाहिजेत ही गुगल प्लेची अट दरवर्षी एक पायरी वर जाते. पाच वर्षे बंद कपाटात ठेवलेला कोड म्हणूनच आज बहुधा सुरळीत तयारही होत नाही, कारण तो ज्या लायब्ररींवर, म्हणजे इतरांनी लिहिलेल्या तयार कोडवर, उभा होता त्यांतल्या काही आता मिळतच नाहीत.

आधी किल्ल्या

कोड उघडून बसण्याआधी ओळखीचा प्रश्न सोडवावा. अँड्रॉइड अ‍ॅपवर एका डिजिटल किल्लीची सही असते आणि नव्या अपडेटवरची सही जुन्या सहीशी जुळली तरच फोन ते अपडेट स्वीकारतो. ही किल्ली एका लहानशा फाइलमध्ये असते, तिला पासवर्ड असतो आणि अनेकदा ती सोडून गेलेल्या एखाद्या प्रोग्रामरच्या संगणकावर राहून गेलेली असते. ती खरोखर हरवली, तर जुन्या अ‍ॅपला अपडेट देता येत नाही. नव्या नोंदणीने दुसरे अ‍ॅप प्रसिद्ध करावे लागते आणि प्रत्येक वापरकर्त्याला ते मुद्दाम शोधून बसवायला सांगावे लागते. गुगलने २०१७ मध्ये ही किल्ली स्वतःकडे सांभाळण्याची सोय सुरू केली. ती घेतलेली असेल तर अपलोडसाठीची किल्ली हरवली तरी अर्ज करून बदलून मिळते, पण जुने अ‍ॅप त्या सोयीखाली कधी आणलेलेच नसते अशी शक्यता धरून चालावे.

अ‍ॅपलच्या बाजूला सहीची प्रमाणपत्रे पुन्हा काढता येतात. तिथे खरे महत्त्व विकासकाच्या खात्याला असते. अ‍ॅप एका खात्यातून दुसऱ्या खात्यात हलवता येते, पण आयफोनच्या कीचेनमध्ये, म्हणजे पासवर्ड आणि तत्सम गुपिते जपणाऱ्या सुरक्षित कप्प्यात, ठेवलेल्या नोंदी जुन्या खात्याशी बांधलेल्या असतात. हस्तांतरणानंतर लोकांना पुन्हा लॉगिन करावे लागते. ‘अ‍ॅपलद्वारे साइन इन’ वापरणाऱ्यांचे ओळख क्रमांकही खात्यागणिक वेगळे असल्यामुळे ते रीतसर स्थलांतरित करावे लागतात, नाहीतर जुना माणूस नव्या अ‍ॅपला अनोळखी वाटतो. अ‍ॅपचे अंतर्गत नाव, ज्याला अँड्रॉइडवर पॅकेज नेम आणि आयफोनवर बंडल आयडेंटिफायर म्हणतात, ते कितीही ओबडधोबड असले, त्यात स्पेलिंगची चूक असली, तरी तसेच ठेवावे. स्टोअरच्या लेखी अ‍ॅप म्हणजे ते नाव.

जुने अ‍ॅप नेमके काय करते

ओळख हाती आल्यावर वागणुकीकडे वळावे. जुन्या कोडमध्ये विचित्र दिसणाऱ्या अटी सापडतात. समजा, इंटरनेट परत आल्यावर लगेच माहिती न पाठवता दोन सेकंद थांबायचे अशी एक ओळ आहे आणि ती का आहे हे कुठेही लिहिलेले नाही. नवीन माणसाला ती निरुपयोगी वाटते आणि तो ती गाळतो. फोन एका नेटवर्कवरून दुसऱ्यावर जाताना क्षणभर जोडणी असल्याचा भास होतो आणि त्या क्षणी पाठवलेली नोंद हरवते, म्हणून कोणीतरी ती ओळ घातली असेल, तर ते नवे अ‍ॅप प्रसिद्ध झाल्यानंतरच कळते. अशा प्रत्येक ओळीमागे कारण असतेच असे नाही, पण कारण नाही हे तपासून सिद्ध करावे, गृहीत धरू नये.

दोन जुनी अ‍ॅप असतील तर आणखी एक पेच पडतो : दोन्ही एकच काम वेगवेगळे करतात आणि त्यांतले खरे कोणते ते कोणालाच माहीत नसते. याचे एक लहान पण नेमके उदाहरण अक्षरे मोजण्याचे आहे. ‘मराठी’ या शब्दाची लांबी विचारली तर आयफोनवर वापरली जाणारी स्विफ्ट भाषा ३ सांगते, कारण ती म, रा, ठी अशी वाचकाला दिसणारी अक्षरे मोजते. जावा, कोटलिन, जावास्क्रिप्ट आणि डार्ट या भाषा ५ सांगतात, कारण त्या काना आणि वेलांटी स्वतंत्र मोजतात. सर्व्हर जर यूटीएफ-८ या साठवणीच्या पद्धतीतले बाइट मोजत असेल तर त्याच्या हिशेबाने लांबी १५ होते. आता ‘नाव वीस अक्षरांपेक्षा मोठे नसावे’ हा साधा नियम दोन अ‍ॅपमध्ये आणि सर्व्हरवर तीन वेगवेगळे अर्थ घेऊन वर्षानुवर्षे चालू असतो. सामायिक कोड आला की त्यांतला एकच अर्थ उरतो, आणि ज्याचे नाव काल चालत होते त्याचे आज नाकारले जाते.

तारखा आणि आकडे यांतही असेच सापळे असतात. जावामध्ये तारीख लिहिताना वर्षासाठी लहान ‘वाय’ ऐवजी मोठा ‘वाय’ वापरला, तर कॅलेंडरचे वर्ष न मिळता आठवड्यांवर बेतलेले वर्ष मिळते, आणि ही चूक वर्षभर लपून राहून डिसेंबरच्या शेवटच्या काही दिवसांत डोके वर काढते. जावातील मोठी पूर्णांक संख्या ६४ बिटांची असते, तर जावास्क्रिप्टची साधी संख्या ९००७१९९२५४७४०९९१ पर्यंतच पूर्णांक बिनचूक धरते. त्यापुढचा ओळख क्रमांक आला तर शेवटचा अंक गुपचूप बदलू शकतो. डार्ट भाषा फोनवर ६४ बिटांचे पूर्णांक वापरते, पण तोच कोड ब्राउझरसाठी जावास्क्रिप्टमध्ये रूपांतरित केला की जावास्क्रिप्टची मर्यादा त्यालाही लागू होते. ‘एकच कोड सगळीकडे’ या वचनाखाली हे फरक दिसेनासे होतात, म्हणून ते आधीच उजेडात आणावेत.

त्यासाठी जुन्या अ‍ॅपने काय करायला हवे यापेक्षा ते आज काय करते हे नोंदवणाऱ्या टेस्ट लिहाव्यात. दोन्ही जुनी अ‍ॅप एकाच क्रमाने वापरून ती सर्व्हरला नेमक्या कोणत्या मागण्या पाठवतात हे टिपून घ्यावे आणि नवे अ‍ॅप त्याच मागण्या पाठवते की नाही ते शेजारी ठेवून ताडून पाहावे. क्रॅशचे अहवाल आणि लोकांनी वेळोवेळी केलेल्या तक्रारी वाचाव्यात; माझ्या अनुभवात कोडपेक्षा त्या तक्रारींतूनच अ‍ॅप अधिक लवकर समजते. ज्या स्क्रीनवर वर्षभरात कोणी फिरकले नाही, तो नव्याने लिहिण्यापूर्वी मालकाला विचारावे. जिथे दोन अ‍ॅपचे पटत नाही तिथे कोणते वागणे ठेवायचे हा व्यवहाराचा निर्णय आहे. तो प्रोग्रामरने एकट्याने घेऊ नये.

एकच कोड म्हणजे काय काय असू शकते

आता फ्रेमवर्क. एक मार्ग असा की अ‍ॅपच्या आत ब्राउझरची एक खिडकी उघडायची आणि सगळे अ‍ॅप वेबपानासारखे तिच्यात चालवायचे. फोनगॅप आणि त्यातून निघालेले अपाचे कॉर्डोव्हा यांनी हा मार्ग रूढ केला. मजकूर, फॉर्म आणि याद्या एवढेच असलेल्या अ‍ॅपला तो आजही पुरतो, पण बोटाखाली सरकणाऱ्या लांब यादीत किंवा कॅमेऱ्याच्या कामात त्याचा वेबपणा जाणवतो.

दुसरा मार्ग २०१५ मध्ये फेसबुकने खुल्या केलेल्या रिअ‍ॅक्ट नेटिव्हचा. यात विचार जावास्क्रिप्टमध्ये होतो, पण पडद्यावर दिसणारे बटण हे त्या त्या फोनचे खरे बटण असते. सुरुवातीला या दोन बाजूंमधला निरोप जेसॉन या ठरावीक साच्यातल्या मजकुराच्या रूपात एका पुलावरून जात असे आणि निरोपांची गर्दी झाली की अ‍ॅप अडखळत असे. नव्या रचनेत जावास्क्रिप्ट फोनच्या बाजूला थेट हाक मारू शकते आणि २०२४ पासून तीच रचना मूळ म्हणून येते. तिसरा मार्ग डार्ट भाषेत लिहिल्या जाणाऱ्या गुगलच्या फ्लटरचा. त्याची पहिली स्थिर आवृत्ती डिसेंबर २०१८ मध्ये आली. फ्लटर फोनची बटणे वापरतच नाही, ते स्वतःच्या चित्रण यंत्रणेने प्रत्येक ठिपका रंगवते. त्यामुळे दोन्ही फोनवर दृश्य तंतोतंत सारखे येते. बदल्यात फोनने मजकूर निवडण्यात किंवा पाने सरकवण्यात केलेली सुधारणा आपोआप मिळत नाही, ती फ्लटरमध्ये वेगळी यावी लागते. अंध व्यक्तींसाठी पडदा वाचून दाखवणाऱ्या टॉकबॅक आणि व्हॉइसओव्हरलाही रंगवलेल्या ठिपक्यांचा अर्थ कळत नाही, म्हणून फ्लटर त्यांच्यासाठी अर्थाची एक वेगळी रचना तयार करते. आपण स्वतः घडवलेल्या प्रत्येक घटकाला त्या रचनेत नाव मिळाले आहे की नाही, हे पाहणे आपले काम आहे.

चौथा मार्ग पडद्याला हातच लावत नाही. कोटलिन मल्टिप्लॅटफॉर्म, जे नोव्हेंबर २०२३ मध्ये स्थिर झाले, त्यात हिशेब, नियम, साठवण आणि सर्व्हरशी बोलणे एवढाच भाग सामायिक लिहितात आणि दिसणारा भाग दोन्हीकडे स्वतंत्र ठेवता येतो. वारशाने आलेल्या अ‍ॅपसाठी मला हा मार्ग अनेकदा सर्वांत कमी धोक्याचा वाटतो, कारण दोन अ‍ॅपमधले मतभेद जिथे असतात तोच भाग आधी एक होतो आणि लोकांच्या सवयीचा पडदा तसाच राहतो. मात्र दोन पडदे लिहिणारी माणसे हाताशी हवीत. एकाच माणसाच्या हाती सगळे आले असेल तर फ्लटर किंवा रिअ‍ॅक्ट नेटिव्ह अधिक व्यवहार्य ठरते.

या निवडीत मोठ्या कंपन्यांनाही माघार घ्यावी लागली आहे. एअरबीएनबीने २०१६ मध्ये रिअ‍ॅक्ट नेटिव्ह हाती घेतले आणि २०१८ मध्ये ते सोडत असल्याचे जाहीर केले. दोनऐवजी एक प्लॅटफॉर्म सांभाळायचा या अपेक्षेच्या जागी त्यांना प्रत्यक्षात तीन (अँड्रॉइड, आयफोन आणि रिअ‍ॅक्ट नेटिव्ह) सांभाळावे लागत होते. ड्रॉपबॉक्सने सी++ मधून सामायिक कोड चालवला आणि २०१९ मध्ये तो मार्ग सोडण्याची कारणे मांडली : स्वतःची साधने स्वतःच घडवावी लागतात, दोन फोनमधले फरक तरीही उरतात आणि हे काम जाणणारी माणसे मिळत नाहीत. आपले अ‍ॅप फोनच्या ब्लूटूथ, ठिकाण, पार्श्वभूमीतील काम अशा खास क्षमतांवर किती टेकलेले आहे हे म्हणूनच आधी मोजावे. त्या जागी सामायिक कोड संपतो आणि दोन्हीकडे वेगळे लिहावेच लागते.

एकदम की हळूहळू

सगळे पाडून नवे बांधण्याचा मोह मोठा असतो. नेटस्केपच्या ब्राउझरची चौथी आवृत्ती १९९७ मध्ये आली. मग गाभा नव्याने लिहायला घेतला गेला, पाचवी आवृत्ती कधी आलीच नाही आणि सहावी नोव्हेंबर २००० मध्ये आली. मधल्या काळात वापरकर्ते निघून गेले होते. याच्या उलट, तुकड्यातुकड्याने बदलण्याच्या पद्धतीला सॉफ्टवेअरवर लिहिणारे मार्टिन फाउलर यांनी २००४ मध्ये एका झाडाचे रूपक दिले : दुसऱ्या झाडाच्या फांदीवर रुजून, मुळे जमिनीपर्यंत सोडून, हळूहळू मूळ झाडाची जागा घेणारे वडाच्या कुळातले झाड. मोबाइल अ‍ॅपमध्ये हे थोडे अवघड जाते, कारण अ‍ॅप फोनवर एकसंध पोहोचते. तरीही जुन्या अ‍ॅपमध्येच फ्लटरचा किंवा रिअ‍ॅक्ट नेटिव्हचा एखादा स्क्रीन बसवता येतो. त्याची किंमत म्हणजे अ‍ॅपचा आकार वाढतो आणि काही काळ दोन यंत्रणा शेजारी शेजारी सांभाळाव्या लागतात. पंधरा-वीस स्क्रीनचे अ‍ॅप असेल आणि वागणूक टिपून झाली असेल, तर मी एकदम लिहिण्याच्या बाजूने आहे. त्याहून मोठे असेल तर तुकड्यातुकड्याने जावे आणि पहिला तुकडा म्हणून ज्यात यादी, टंकलेखन आणि सर्व्हरशी बोलणे तिन्ही आहेत असा स्क्रीन घ्यावा. ‘सेटिंग्ज’चे पान सोपे असते, पण त्यातून पुढच्या अडचणींचा अंदाज येत नाही.

फोनमध्ये आधीच असलेला डेटा

हा भाग सर्वाधिक दुर्लक्षित राहतो आणि सर्वाधिक नुकसान करतो. प्रोग्रामर नवे अ‍ॅप कोऱ्या फोनवर तपासतो. खऱ्या वापरकर्त्याच्या फोनवर ते जुन्या अ‍ॅपच्या अंगावर अपडेट म्हणून येते. नाव आणि सही तीच असल्यामुळे जुन्या फाइली जागच्या जागी असतात, पण नव्या अ‍ॅपला त्या दिसतीलच असे नाही. फ्लटरची नेहमीची सेटिंग्ज साठवणारी लायब्ररी अँड्रॉइडवर पारंपरिकपणे आपल्या वेगळ्या फाइलमध्ये आणि स्वतःचा उपसर्ग लावलेल्या नोंदींतच पाहत आली आहे, त्यामुळे जुन्या अ‍ॅपने ठेवलेली लॉगिनची खूण तिच्या लेखी अस्तित्वात नसते. एसक्यूलाइट या फोनमधल्या लहान डेटाबेस-यंत्रणेची फाइल नवी लायब्ररी भलत्या फोल्डरमध्ये शोधते, ती सापडत नाही, म्हणून मुकाट्याने रिकामी फाइल तयार करते. वापरकर्त्याला सगळे पुसले गेल्यासारखे दिसते आणि घाबरून तो अ‍ॅप काढून पुन्हा बसवतो. त्या क्षणी जुनी फाइल खरोखरच नष्ट होते.

फाइल सापडली तरी ती वाचता यावी लागते. एसक्यूलाइट फाइलमध्ये रचनेचा आवृत्ती क्रमांक ठेवायला एक जागा असते. अँड्रॉइडचे साधन तो आपोआप भरते, तर आयफोनच्या जुन्या अ‍ॅपने तो कधी भरलेलाच नसतो. सामायिक कोड तिथे शून्य पाहतो, डेटाबेस नवा आहे असे समजतो आणि आधीच असलेली कोष्टके पुन्हा तयार करू पाहतो. तारखांचे तर आणखी वेगळे. अँड्रॉइडवर काळ बहुधा १ जानेवारी १९७० पासूनच्या मिलिसेकंदांत मोजलेला असतो, आणि आयफोनवरची कोअर डेटा ही साठवण यंत्रणा तो १ जानेवारी २००१ पासूनच्या सेकंदांत ठेवतो. एकक जुळवले पण आरंभबिंदू विसरला, तर प्रत्येक नोंद बरोबर ३१ वर्षे मागे जाते.

यावर उपाय कष्टाचा आहे, पण अवघड नाही. स्टोअरमध्ये आलेल्या प्रत्येक जुन्या आवृत्तीचा, खऱ्या वापरासारखा भरलेला एकेक फोन तयार ठेवावा आणि प्रत्येकावर नवे अ‍ॅप अपडेट म्हणून बसवून पाहावे, कारण दोन वर्षे अपडेट न केलेला माणूस मधल्या सगळ्या आवृत्त्या ओलांडून थेट नव्यावर येतो. डेटा वाहून नेणारा कोड जुन्या फाइली फक्त वाचणारा असावा. त्या पुसण्याचे काम काही महिन्यांनी, वेगळ्या अपडेटमध्ये करावे. सर्व्हरला अजून न पाठवलेल्या नोंदी सर्वांत आधी हलवाव्यात, कारण बाकी सगळे सर्व्हरवरून पुन्हा आणता येते, त्या मात्र जगात फक्त त्या एका फोनमध्ये असतात.

प्रसिद्धी आणि जुन्या आवृत्तीची अखेर

फोनवर एकदा पोहोचलेले अपडेट परत बोलावता येत नाही. चूक निघाली तर आणखी मोठ्या क्रमांकाची नवी आवृत्तीच पाठवावी लागते. म्हणून गुगल प्लेवर आपण ठरवू तेवढ्या टक्के लोकांपासून सुरुवात करता येते आणि अ‍ॅप स्टोअरवर टप्प्याटप्प्याची प्रसिद्धी सात दिवसांत १, २, ५, १०, २०, ५० आणि १०० टक्के अशी चढत जाते. पहिल्या टप्प्यात क्रॅशपेक्षाही अचानक लॉगिनबाहेर पडलेल्यांचा आकडा पाहावा, कारण डेटा हरवल्याची ती सर्वांत लवकर दिसणारी खूण असते. डेटा वाहून नेण्याआधी अ‍ॅपने सर्व्हरला विचारावे आणि सर्व्हरवरून ती पायरी थांबवता यावी, एवढी सोय पहिल्याच आवृत्तीत ठेवावी.

नवे अ‍ॅप सगळीकडे पोहोचले तरी जुने लगेच मरत नाही. काहींचे फोन नव्या फ्रेमवर्कला लागणाऱ्या किमान आवृत्तीच्या खाली असतात, काहींनी अपडेट बंद ठेवलेले असते. जुने अ‍ॅप ज्या पत्त्यांवर सर्व्हरशी बोलते ते पत्ते त्यांच्यासाठी चालू ठेवावे लागतात, आणि कोणती आवृत्ती अजून किती वेळा येते हे त्या मागण्यांवरून दर आठवड्याला मोजत राहावे. तो आकडा नगण्य झाला की आधी जुन्या अ‍ॅपमध्ये दिसेल अशी सूचना द्यावी, ठरलेल्या तारखेला पत्ते बंद करावेत, आणि जुना कोड, तो तयार करण्याच्या साधनांच्या आवृत्त्या व सहीची किल्ली एकत्र जपून ठेवावी, कारण न समजलेल्या एखाद्या अटीचा खुलासा शोधायला पुढच्या वर्षी कोणीतरी तिथेच परत येणार असते.